डाकबंगल्याचे गवती छप्पर

इसवी सन १८५८ च्या फेब्रुवारी महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचे युद्धवार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल कलकत्त्याहून आगगाडीने राणीगंजापर्यंत गेले आणि लोहमार्ग तेथेच संपत असल्यामुळे पुढे घोड्यांच्या डाकगाडीत बसून ग्रँड ट्रंक रस्त्याने कानपुराकडे निघाले. १८५७ च्या ज्या बंडाची हकीकत लिहिण्यासाठी ते इतक्या लांब आले होते, त्याचा वणवा अद्याप पुरता विझला नव्हता. तथापि मुक्कामाच्या ठिकाणी अंगावरची धूळ झटकीत असता त्यांच्या चौकस दृष्टीने जी एक सामान्य वास्तू टिपून ठेवली, ती म्हणजे सरकारी डाकबंगला. चौकोनी, एकमजली, पक्क्या भिंतींची इमारत; तिच्यावर गवताचे किंवा कौलांचे उंच निमुळते छप्पर; ते छप्पर भिंतींच्या पुढे येऊन पडव्यांवर सावली धरणारे; आत एक, दोन किंवा तीन खोल्यांचे गाळे, आणि त्या गाळ्यांत बाजा, साध्या लाकडाची टेबले व असंख्य प्रवाशांनी खिळखिळ्या करून सोडलेल्या खुर्च्या. हिंदुस्थानातील वाटसरूंच्या निवाऱ्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने या वास्तूच्या छपराकडे विशेष लक्ष द्यावे. कारण भिंती कंपनी सरकारच्या होत्या, खुर्च्या विलायती धर्तीच्या होत्या, परंतु छप्पर मात्र बंगालच्या कुळवाड्याचे होते.

डाकबंगल्यापूर्वी या रस्त्यावर निवारा नव्हता असे नाही. सोळाव्या शतकात, १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या कारकीर्दीत, शेरशाह सूर याने सोनारगावापासून सिंधूपर्यंतचा राजमार्ग बांधून काढला, आणि त्या मार्गावर व अन्य मार्गांवर मिळून सतराशे सराया उभारल्या, असे त्याचा चरित्रकार अब्बासखान सरवानी सांगतो. दर दोन कोसांवर एक सराई. तीत हिंदूंसाठी व मुसलमानांसाठी निरनिराळ्या जागा. दाराशी पाण्याचे रांजण. हिंदू वाटसरूंच्या पाण्याची व अन्नाची व्यवस्था पाहण्यास ब्राह्मण. आणि प्रत्येक सराईत बातमी पुढे नेण्यासाठी डाकचौकीची दोन घोडी, असा तो बंदोबस्त होता. प्रवाशाचा मुक्काम आणि राज्याची डाक यांची सांगड अशा रीतीने इंग्रजांच्या कितीतरी आधी घातली गेली होती. परंतु सराईची वास्तू निराळ्या प्रवाशाला उद्देशून बांधलेली असे. बाहेरून पाहावे तर चारी बाजूंस उंच, आंधळी भिंत आणि एक किंवा दोन भव्य दरवाजे. आत शिरावे तर मोठे चौक, मध्ये विहीर, एका अंगास मशीद, आणि भिंतीला पाठ लावून बसलेल्या ओवऱ्यांची रांग. तांड्याने यावे, उंट, घोडी व बैल चौकात बांधावे, सूर्यास्तानंतर दरवाजा बंद व्हावा आणि शेकडो अपरिचित माणसांनी एका आवारात रात्र काढावी, ही तिची रीत. तिची पाठ जगाकडे असे आणि तोंड आतल्या गर्दीकडे. चोरदरवडेखोरांच्या काळात, जेव्हा एकट्याने प्रवास करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होते, तेव्हा याहून शहाणपणाची रचना कोणती असू शकली असती?

सराईच्या या दगडी गांभीर्यापासून शेकडो कोस दूर, गंगेच्या मुखाशी पसरलेल्या पाणथळ प्रदेशात, शेतकऱ्यांनी आपल्या गरजेतून एक सर्वस्वी भिन्न वास्तुप्रकार सिद्ध केला होता. तेथे दगड दुर्मिळ. माती, बांबू, भाताचा पेंढा आणि उलू नावाचे गवत मात्र मुबलक. पुराचे पाणी आत शिरू नये म्हणून मातीचे उंच जोते, त्यावर माती लिंपलेल्या कुडाच्या भिंती, आणि भिंतींवर दोन किंवा चार पाख्यांचे जाड गवती छप्पर, अशी ही झोपडी असे. तिची खरी कारागिरी छपरात होती. आढ्याचा बांबू सरळ न ठेवता त्याला धनुष्यासारखा बाक देण्यात येई, आणि त्याच बाकाच्या अनुरोधाने वळचणीही दोन्ही टोकांस खाली उतरत. बांबू हा वाकण्यास तयार असलेला पदार्थ असल्यामुळे हा बाक त्याच्या स्वभावातूनच उपजला होता. परंतु त्याचा उपयोगही मोठा होता. वर्षाकाठी ज्या प्रदेशात साठ-सत्तर इंच पाऊस कोसळतो, तेथे छपरावर पडलेला थेंब जितका लवकर खाली घरंगळेल तितके गवत अधिक टिकते. म्हणून पाख्यांचा उतार तीव्र ठेवावयाचा आणि वळचण भिंतीपासून पुष्कळ पुढे आणावयाची, हा नियम तेथील शाकारणाऱ्या हातांना कोणत्याही शिल्पशास्त्रावाचून अवगत झाला होता.

या कुळवाडी छपराचे भाग्य असे विलक्षण की, त्याची नक्कल प्रथम देवांनी व बादशहांनी केली आणि साहेबांनी मागाहून. विष्णुपूरच्या मल्ल राजांपैकी रघुनाथसिंह याने १६५५ साली बांधविलेल्या जोडबांगला मंदिरात दोन झोपड्या शेजारी शेजारी उभ्या करून त्यांची बाकदार छपरे विटांत साकारलेली दिसतात. त्यापूर्वीच शाहजहानच्या कारागिरांनी आग्र्याच्या किल्ल्यात खासमहालाच्या दोन्ही अंगांस आणि लाहोरच्या किल्ल्यात नौलखा मंडपावर हाच बाक संगमरवरात उतरविला होता. जो आकार पेंढ्याखालच्या बांबूला निसर्गतः येत होता, तोच दगडाला बळेच देण्यात आला. आणि ज्या वळचणीतून चिखलात पाणी ठिबकावयाचे, तिची प्रतिकृती जवाहिरांनी मढलेल्या महालांवर चढली. गरिबाच्या छपराला अशी राजमान्यता लाभल्याचे उदाहरण वास्तुशास्त्राच्या इतिहासात विरळाच.

कंपनीचे गुमास्ते व अधिकारी मात्र या छपराकडे वळले ते सौंदर्यबुद्धीने वळले नाहीत. हुगळीच्या काठी सतराव्या शतकात वखारी घालून बसलेल्या या परक्यांना तात्पुरत्या निवासासाठी जे साहित्य व जे कारागीर जवळ मिळाले, त्यांच्याकडून जी घरे उभी राहणे शक्य होते, ती या झोपडीच्याच वंशातली होती. पुढे मुफस्सल भागात अंमल पसरू लागला, कलेक्टर, जज्ज आणि लष्करी अंमलदार यांच्या छावण्या गावोगाव पडू लागल्या, तेव्हा हीच झोपडी मोठी होत गेली. कुडाच्या जागी कच्च्या किंवा भाजलेल्या विटांची भिंत आली, एका खोलीच्या तीन-चार खोल्या झाल्या, आणि मूळच्या वळचणीखालची चिंचोळी जागा रुंदावून तिची प्रशस्त पडवी बनली. बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२४ साली बंगालमध्ये ही घरे पाहिली तेव्हा एकमजली, उंच गवती छपराची, पडव्यांनी वेढलेली आणि पडव्यांचेच काही भाग अडवून न्हाणीघरे व पोशाखाच्या खोल्या केलेली अशी त्यांची घडण स्थिर होऊन गेली होती. दक्षिणेचे अंग मात्र वाऱ्यासाठी मोकळे ठेवण्याचा प्रघात होता, हेही त्यांनी नमूद केले आहे. या स्थित्यंतरात आढ्याचा बाक मात्र हरवला. विटांच्या लांबरुंद भिंतींवर सागवानी किंवा साली वाशांचा सांगाडा चढविताना बांबूची लवचीकता उपयोगी पडेना, आणि सरळ आढ्याचे चौपाखी छप्पर हेच साहेबी बंगल्याचे रूप ठरून गेले.

आता डाकेकडे वळावयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दूरचा प्रवास करू इच्छिणाऱ्या युरोपियन गृहस्थास काही दिवस अगोदर पोस्टमास्तराकडे अर्ज करावा लागे आणि पैसे आगाऊ भरावे लागत. वाटेत खोळंबा झाल्यास त्याची भरपाई म्हणून वेगळी अनामतही ठेवावी लागे. मग पोस्टमास्तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर वर्दी धाडी आणि त्या त्या ठिकाणी पालखीसाठी आठ भोई, एक-दोन मशालजी आणि सामानाच्या कावडी वाहणारे दोघे, असा संच तयार ठेवण्यात येई. दहा-बारा मैलांवर संच बदले, आणि ताशी तीन-चार मैलांच्या गतीने पालखी रात्रभर चाले. उन्हाळ्यात दिवसा चालणे अशक्य. तेव्हा सूर्य वर चढला की प्रवाशाने कोठेतरी उतरून, न्हाऊन, जेवून, संध्याकाळपर्यंत पडून राहावे, ही गरज निर्माण झाली. सराईतील उंटांच्या व चुलींच्या धुरात राहणे साहेबाला रुचेना. तंबू बरोबर नेणे पालखीच्या प्रवासात शक्य नव्हते. या अडचणीतून सरकारने रस्त्यारस्त्यांवर विश्रांतिगृहे बांधावयास आरंभ केला, आणि १८४० च्या सुमारास, ग्रँड ट्रंक रस्त्यावर खडी पडू लागली त्याच सुमारास, त्यांची एक सुव्यवस्थित साखळी तयार झाली. मुख्य मार्गांवर दहा ते पंधरा मैलांवर एक बंगला असे. कमी वर्दळीच्या मार्गांवर हे अंतर चाळीस-पन्नास मैल, म्हणजे पालखीच्या एका रात्रीच्या मजलेइतके, ठेवण्यात येई. अंतराचा हा हिशेब भोयांच्या पायांवरून बसविलेला होता. राज्यकर्त्यांच्या वास्तूंचे नकाशे कलकत्त्यात निघत असतील. त्या कोठे उभ्या राहावयाच्या हे मात्र मजुरांच्या दमावर ठरत असे.

या बंगल्याची रचना पाहू गेले असता तीत अनावश्यक असे जवळजवळ काहीच आढळत नाही. रस्त्यापासून थोडे आत, शक्य तर एखाद्या आमराईच्या किंवा चिंचेच्या सावलीस, दोन-तीन हात उंचीचे जोते बांधीत. जोत्यावर मधोमध दोन मोठ्या खोल्या पाठीस पाठ किंवा अंगास अंग लावून असत आणि प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर असे, ज्याचे मागचे दार भिस्त्याला पखाल घेऊन आत येता यावे म्हणून थेट आवारात उघडे. पुढच्या पडवीत पालखी उतरवून ठेवता येईल एवढी रुंदी ठेवलेली असे. खोल्यांना खिडक्यांपेक्षा दारेच अधिक. प्रत्येक दार पडवीत उघडणारे, त्यामुळे एका प्रवाशाला दुसऱ्याच्या खोलीतून जावे लागू नये आणि वाऱ्याला मात्र घराच्या आरपार जाता यावे, असे दोन्ही हेतू साधत. स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या मुख्य इमारतीपासून दूर, आवाराच्या मागच्या कोपऱ्यात. कारण चुलीची ठिणगी आणि गवती छप्पर यांचा शेजार कोणत्याही शहाण्या माणसाने पत्करला नसता. उन्हाळ्यात पश्चिमेच्या दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत, आणि जेथे पंखा टांगलेला असेल तेथे त्याची दोरी भिंतीतील भोकातून पडवीत बसलेल्या माणसाच्या हाती दिलेली असे.

या सर्व योजनेचा प्राण छप्पर हाच होता. हातभर जाडीचे गवत हे उष्णतेला अडविण्याच्या कामी कौलांहून कितीतरी सरस असते. त्याच्या काड्याकाड्यांत कोंडलेली हवा उन्हाला आत येऊ देत नाही, आणि उतार तीव्र असल्यामुळे खोलीच्या डोक्यावर जी उंच पोकळी तयार होते तीत तापलेली हवा चढून राहते. शिवाय हे छप्पर वजनाने हलके, म्हणून कच्च्या विटांच्या भिंतींनाही पेलवणारे. आणि स्वस्त, कारण गवत जवळच्या माळावर आणि कापणारे हात जवळच्या गावात. परंतु गवताच्या पोटी उंदीर, विंचू, पाली आणि त्यांच्या मागोमाग साप हे ठरलेलेच. म्हणून खोलीच्या माथ्यावर, भिंतीपासून भिंतीपर्यंत चुना फासलेले जाड कापड ताणून बसवीत, आणि या कापडी छतामुळे वरच्या रानातील रहिवासी व खालचा साहेब यांच्यामध्ये एक मर्यादा पडे. रडयार्ड किपलिंग यांनी १८८८ साली लिहिलेल्या एका भुताच्या गोष्टीत डाकबंगल्यात उतरलेला प्रवासी शेजारच्या खोलीत रात्रभर बिलियर्डचा खेळ चालल्याचे ऐकतो. सकाळी शोध घेता, छताच्या कापडावरून इकडून तिकडे धावणारा उंदीर आणि वाऱ्याने हलणारी खिडकीची चौकट एवढाच त्या भुतांचा ऐवज निघतो. गोष्ट काल्पनिक असली, तरी तीतला उंदीर वास्तुशास्त्रदृष्ट्या सर्वस्वी खरा आहे.

बंगल्याचा अंमल खानसामा नावाच्या गृहस्थाकडे असे. पहारा, झाडलोट, पाणी यांसाठी चौकीदार, भंगी व भिस्ती हे हाताखाली. परंतु साहेबापुढे उभे राहून ‘काय हुकूम’ म्हणून विचारण्याचा आणि यादीतील अनेक पदार्थांची नावे घेऊन अखेर कोंबडीच आणून ठेवण्याचा अधिकार त्याचा. प्रवासी फाटकात शिरला की आवारात एकच पळापळ व्हावी, आणि अर्ध्या तासाने तीच पळणारी कोंबडी रश्श्यात बुडून टेबलावर यावी, याची थट्टा त्या काळच्या अँग्लो-इंडियन लेखकांनी कंटाळा येईपर्यंत केली आहे. बिछाना प्रवाशाने आपल्या वळकटीतून आणावयाचा, सरकारने बाज द्यावयाची; भाडे सर्वसाधारणपणे माणशी दिवसाला एक रुपया; चोवीस तासांनंतर नवा प्रवासी आला तर जुन्याने जागा मोकळी करावयाची; आणि निघण्यापूर्वी टेबलावरच्या वहीत नाव, हुद्दा, येण्याजाण्याची वेळ, दिलेली रक्कम आणि असल्यास तक्रार लिहावयाची. ही वही वरिष्ठांकडे तपासणीस जात असल्यामुळे खानसाम्याचे भवितव्य तिच्यात असे. सराईच्या भटियाऱ्याला ज्या गोष्टीची कधी गरज भासली नाही, ती गोष्ट, म्हणजे प्रत्येक अतिथीची लेखी नोंद, येथे पाहुणचाराचा आरंभ आणि शेवट होऊन बसली. पुढे ज्यांनी इंग्रजी इतिहासग्रंथ लिहून नाव मिळविले त्या जॉर्ज ओटो ट्रेव्हेलियन यांनी १८६३ साली डाकबंगला हेच स्थळ कल्पून एक प्रहसन लिहिले, यावरून ही संस्था त्या समाजाच्या किती अंगवळणी पडली होती याची कल्पना येते.

मुंबई इलाख्यात याच वास्तूला ‘ट्रॅव्हलर्स बंगला’ म्हणत. मुंबईहून पुण्यास जावयाचे तर नावेने पनवेल गाठावे आणि तेथून चौक, खोपोली, खंडाळा व वडगाव या टप्प्यांनी घाट चढून देशावर यावे, हा जुना क्रम; बोरघाटातला चाकांच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० च्या नोव्हेंबरात खुला झाला, आणि पनवेल व खंडाळा येथील बंगले साहेबलोकांच्या नित्य परिचयाचे झाले. पण या मार्गावर मुक्कामाची दुसरी, याहून जुनी परंपरा होतीच. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेला विस्तीर्ण तलाव आणि महादेवाचे देऊळ हे प्रवाशांच्या विसाव्यासाठीच होते. अहल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा हिंदुस्थानभर तीर्थाच्या वाटांवर पसरल्या होत्या. आणि दौऱ्यावरच्या कमाविसदाराला गावची चावडी हा हक्काचा उतारा होता. या ठिकाणी भाडे नव्हते, वही नव्हती. मात्र जात विचारली जाई, आणि ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे ओसरी, अंगण किंवा गावकुसाबाहेरची वाट दाखविली जाई, हेही विसरून चालणार नाही.

या दोन परंपरा एकाच काळात, एकमेकींच्या शेजारून, एकमेकींना न ओळखता कशा वाहत होत्या, याचा उत्कृष्ट दाखला आपल्याच वाङ्मयात आहे. रसेलसाहेब डाकगाडीतून कानपुराकडे निघाले त्याच्या आदल्या वर्षी आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे आणि त्यांचे काका रामभट हे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे पायी निघाले होते. महू, ग्वाल्हेर, झांशी असा त्यांचा प्रवास बंडाच्या ऐन भरात घडला, आणि त्याची हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केली. भटजींचे मुक्काम देवळांत, धर्मशाळांत, ओळखीपाळखीच्या ब्राह्मणांच्या घरी. साहेबाला रस्त्यावर जे सरकार देत होते, ते भटजींना धर्म आणि गोत देत होते. दोघांच्याही लेखण्या तिखट, दोघेही एकाच आगीच्या कडेने चाललेले. परंतु एकाच्या छपराखाली दुसऱ्याला जागा नव्हती, आणि ती असावी असे त्या काळी दोघांपैकी कोणाला वाटलेही नसते.

गवती छपराचा एक धर्म असा की, ते एकदा घालून भागत नाही. दर पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करावी लागते आणि दोन-तीन वर्षांनी ते पुरते उतरवून नव्याने शाकारावे लागते. म्हणजे जो अंमलदार किंवा जी कचेरी गवताखाली राहते, तिला वैशाखात गावाकडे वळावेच लागते: गवत कापणारे पाहिजेत, ते वाहून आणणारे पाहिजेत, बांबू तासणारे, सुंभ वळणारे, आणि वाशांवर चढून थरावर थर बांधीत जाणारे कसबी हात पाहिजेत. ही माणसे कधी रोजंदारीने येत, कधी वेठीने आणली जात. राज्य कितीही परके असो, त्याच्या डोक्यावरचे छप्पर दर काही वर्षांनी जितांच्या म्हणजे जिंकलेल्या रयतेच्या हातांनीच पुन्हा बांधले जावे लागे. आणि छप्पर बांधणाऱ्याला ते कोठे व कसे पेटते याचेही ज्ञान असते.

१८५७ साली या ज्ञानाचा उपयोग झाला. बंडाचा पहिला वणवा पेटण्यापूर्वीच, त्या वर्षाच्या जानेवारीत, बराकपुरास तारघर जळाले आणि रात्री अंधारातून पेटते बाण अंमलदारांच्या बंगल्यांच्या गवतात येऊन रुतू लागले; राणीगंजासही तसाच प्रकार घडला. दहा मे रोजी मीरतेच्या छावणीत संध्याकाळी जो आगडोंब उसळला, त्याला वाळलेल्या छपरांनी इंधन पुरविले. वैशाखातील उन्हाने ती जणू त्याच घटकेसाठी वाळवून ठेवलेली होती. कानपुरास तर एका गवती छपराने वेढ्याची दशाच पालटली. जनरल व्हीलर यांनी आश्रयासाठी निवडलेल्या आवारात दोन बराकी होत्या. त्यांतील एक गवताने शाकारलेली असून तीत आजारी, जखमी, बायका आणि मुले यांना ठेवलेले होते. पेशव्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांच्या पक्षाच्या तोफा ६ जूनपासून त्या आवारावर चालू लागल्या, आणि वेढ्याला आठवडा होतो न होतो तोच ही बराक पेटून औषधांच्या साठ्यासह भस्मसात झाली. त्यानंतर त्या लोकांना जूनच्या उन्हात उघड्या खंदकांत दिवस काढावे लागले. ज्या छपराने साहेबाला सूर्यापासून राखले, तेच साहेबाच्या शत्रूला सर्वांत सोपे लक्ष्य ठरले.

छपरे आगीला बळी पडतात हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. कलकत्ता शहरात गवत, पाने व चटया यांची छपरे घालण्यास १८३७ च्या कायद्याने मनाई झालीच होती. परंतु शहरात जो अपघात होता, तो मुफस्सलात हल्ला ठरला, आणि बंडानंतर गवताकडे पाहण्याची अधिकाऱ्यांची दृष्टी पालटली. या पालटाला तीन गोष्टींचे साहाय्य झाले. लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दीत, १८५४-५५ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते निघाले होते, आणि त्या खात्याचे ठराविक नकाशे, ठराविक अंदाजपत्रके व ठराविक दर यांच्या चौकटीत दर वर्षी गावच्या शाकारणाऱ्यांशी घासाघीस करण्यास जागा उरली नाही. दुसरी गोष्ट मंगळुरास घडली: बासेल मिशनने १८६५ साली तेथे कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकून बसणारी ती लाल कौले जहाजांतून मुंबईस व तेथून सर्व इलाख्यात पोचू लागली. तिसरी गोष्ट आगगाडी. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत लोहमार्ग झाला, पण बोरघाट मधे आडवा असल्यामुळे पाच वर्षे प्रवाशांना तेवढा टप्पा पालख्यांतून, तट्टांवर किंवा गाड्यांतून ओलांडावा लागे; १८६३ साली घाटातला मार्ग खुला झाला आणि खंडाळ्याच्या बंगल्याचे थांबण्याचे महत्त्व एका दिवसात ओसरले. उत्तरेसही १८६६ पर्यंत कलकत्ता आणि दिल्ली रुळांनी जोडली गेली. भोयांच्या दमावर ठरलेली दहा-पंधरा मैलांची अंतरे आता निरर्थक झाली. मोठ्या रस्त्यांवरचे बंगले रिते पडले, आणि जे उरले ते आडवाटेच्या जिल्ह्यांत, फिरतीवरच्या अंमलदारांच्या तपासणीगृहांच्या रूपाने उरले.

सराईचीही गत याच सुमारास ठरली. १८६७ च्या बाविसाव्या कायद्याने प्रत्येक सराईची जिल्हा मॅजिस्ट्रेटाकडे नोंद झाली पाहिजे, चालकाची लायकी पाहिली गेली पाहिजे, जागा स्वच्छ व पाणी पिण्याजोगे राखले गेले पाहिजे, असे ठरले. ज्या वहीने डाकबंगल्याचा कारभार चाले तिचीच एक प्रत अशा रीतीने शेरशाहच्या वारसांपर्यंत पोचली. मुक्काम हा सामाजिक वा धार्मिक व्यवहार होता तो आता पुरता सरकारी व्यवहार झाला.

या साऱ्या घडामोडीत बंगाली झोपडीकडून घेतलेल्या गोष्टींपैकी काय टिकले आणि काय गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. उंच जोते टिकले, पडवी टिकली, प्रत्येक खोलीचे पडवीत उघडणारे दार टिकले, दूरवर ठेवलेले स्वयंपाकघर तर कौले आल्यानंतर त्याचे मूळ कारण नाहीसे झाले असताही टिकले. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी, नदीच्या अलीकडे किंवा घाटाच्या माथ्यावर, सरकारी विश्रामगृह म्हणून जी मंगलोरी कौलांची बैठी इमारत दिसते, तिचा आराखडा मुळात गंगेच्या पुरापासून आपले धान्य राखणाऱ्या एका शेतकऱ्याचा आहे. बांधकाम खात्याच्या कोणत्याही नकाशावर त्याची सही नाही, एवढेच. गेले ते गवत, आणि गवताबरोबर गेले ते राज्यकर्त्याचे रयतेवरचे एक अवलंबन. गवताखाली राहणाऱ्या सरकारला दर काही वर्षांनी गावापुढे हात पसरावा लागे, मग तो रुपया देण्यासाठी पसरलेला असो वा वेठीला धरण्यासाठी. कौलांखाली राहणाऱ्या सरकारला ती गरज उरली नाही. आगीचे भय संपले हा लाभ खराच, आणि तो लहान नव्हे. परंतु ज्या कायमच्या छपराची शाकारणी कोणालाच करावी लागत नाही, त्याच्याखाली बसलेल्या अंमलदाराला गावात कोण शाकारू जाणतो याची चौकशी करण्याचेही कारण उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अंमल अधिक पक्का झाला आणि त्याच मानाने अधिक दूरचा झाला, असे जे इतिहासकार म्हणतात, त्यांना याहून ठोस पुरावा शोधण्यास दफ्तरखान्यात जावे लागू नये. विश्रामगृहाच्या वाशांकडे एकवार मान वर करून पाहिले म्हणजे पुरे.